टाचणीचा कल

सोमवारी टाचणीने शाळेचा कागद दप्तरातून काढला तेव्हा त्याला डब्यातलं तेल लागलं होतं, पण अक्षरं शाबूत होती. दोन ओळी तेलात गेल्या असत्या तर एक हाडांचा डॉक्टर, एक क्लार्क आणि दोन बायांचा आठवडा सुखात गेला असता. पण शाळा हल्ली झेरॉक्स फार चांगली काढते.

टाचणी म्हणजे सातवीतली मुलगी. खरं नाव फक्त हजेरीत. अंगाने बारीक, उंच, आणि डोक्याने टोकदार, म्हणून टाचणी. मनातल्या मनात ती कोणालाही सोडायची नाही. बाई, बाबा, बसचा कंडक्टर, सगळ्यांना आतल्या आत असं काही सुनावायची की त्यांना ऐकू गेलं असतं तर ते आठवडाभर जेवले नसते. पण तीनपेक्षा जास्त लोक तिच्याकडे बघायला लागले की संपलं. घशाचं शटर धाडकन खाली. मागच्या वर्षी तिला सकाळी सगळ्या शाळेसमोर एक सूचना वाचायला उभं केलं होतं. सूचना सात शब्दांची. तिने दोन वाचले. उरलेले पाच शाळेला अजून समजलेले नाहीत. तेव्हापासून ज्या दिवशी कोणाला तरी पुढे बोलावणार अशी नुसती हवा असायची, त्या दिवशी तिचा डबा तसाच परत यायचा. आईला वाटायचं भाजी बिघडली.

तर कागद. त्यावर लिहिलं होतं: ‘आपल्या पाल्याचा कल एका बाजूस असल्याचे निदर्शनास आले आहे. पालकांनी तो वेळीच तपासून सोबतच्या तक्त्यात नोंदवावा व शुक्रवारच्या पालकसभेपर्यंत सादर करावा. दुर्लक्ष झाल्यास पाल्याच्या पुढील वाटचालीवर परिणाम होऊ शकतो.’ खाली तक्ता. कलाची दिशा. कलाचे प्रमाण. घरातून मिळणारा आधार. ठरवलेला दिनक्रम. भविष्यातील ध्येय.

‘मुलीला काय आवडतं ते विचारा’ असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण एवढ्याशा ओळीखाली गोल शिक्का शोभत नाही.

आता बाबा काय काम करतात हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना वेडं समजाल. बाबा बांधकामावर सुपरवायझर. बावीस वर्षं भिंती, खांब आणि चौकटी सरळ आहेत की नाहीत हे बघणं, एवढंच काम. भिंत कलली की सगळ्यात आधी यांना कळतं. घरात एक कॅलेंडर तिरकं राहू शकत नाही. हॉटेलात गेले की टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. अशा माणसाला तुम्ही लेखी कळवता की तुमच्या मुलीला कल आहे. वर दिशा विचारता, प्रमाण विचारता, आधार काय दिलात म्हणून विचारता.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा कपाळावर चढवला. साइटवर तडा सापडला की ते असंच करतात.

“अगं, इकडे ये जरा,” ते आईला म्हणाले. “हिला कल आलाय.”

आई औषधांच्या दुकानात काउंटरला असते. तिने आतूनच विचारलं, “कुठे येतेय कळ? पोटात?”

“कळ नाही. कल. एका बाजूला. शाळेच्या लक्षात आलं, आपल्या नाही आलं.”

मग टाचणीला दाराच्या चौकटीत उभं केलं. बाबांनी पिशवीतून ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला लोंबणारं लोखंडी वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं. तो त्यांनी टाचणीच्या खांद्यावरून सोडला आणि एक डोळा मिटून बघितलं. आपल्याला आत्तापर्यंत किती विचित्र गोष्टींचा राग आला आहे याची टाचणीने मनात एक यादी केली आणि ही सगळ्यात वर टाकली.

“पाव इंच,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “डावीकडे. दप्तर एकाच खांद्यावर घेते ना? सगळा लोड एका कॉलमवर.”

“बाबा, मी हलले.”

“कॉलम हलला म्हणजे जास्तच काळजीचं.”

ध्येयाच्या रकान्यापाशी आई अडली. कल आणि ध्येय हे एकत्र कसं, तिने विचारलं. बाबांकडे उत्तर तयार होतं. “म्हणजे किती सरळ करणार ते. टार्गेट. आमच्याकडेपण लिहून घेतात.”

खरं काय ते मंगळवारी वर्गात कळलं. वर्गाच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं: अभ्यास, आनंद, पुढचा विचार. ही शाळेची नवी योजना. कल म्हणजे तुम्हाला मनापासून काय करावंसं वाटतं. तक्ता बघून शाळा प्रत्येकाला एका गटात घालणार आणि वर्षभर दर आठवड्याला दोन तास तिथेच. बाग, गणिती कोडी, पुस्तक-बांधणी, वक्तृत्व. बांधणीत आठ जागा. वक्तृत्वात चाळीस, कारण सभागृह मोठं आहे.

“आणि ज्याचा तक्ता आला नाही किंवा कळला नाही,” बाई म्हणाल्या, “तो वक्तृत्वात.”

वर्षभर, दर आठवड्याला, चाळीस जण बघतायत आणि आपण मध्ये. तिने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

तिला हवी होती बांधणी. एकदा ग्रंथालयाच्या खिडकीतून तिने बघितलं होतं. ग्रंथालयाच्या बाई एका फाटक्या पुस्तकाची पानं जुळवून जाड दोऱ्याने शिवत होत्या. समोर खळीची वाटी, पुस्तक दाबायचा लाकडी शिकंजा, पुठ्ठे. बाजूला दोन मोठ्या मुली पानं दुमडत बसलेल्या. टाचणी अर्धा तास उभी होती आणि त्या अर्ध्या तासात तिथे कोणी कोणाला काही म्हणजे काही विचारलं नाही. शाळेत अशी खोली असते हेच तिला माहीत नव्हतं.

घरी जाताना तिने वाक्य तयार केलं. ‘बाबा, कल म्हणजे आवड, तिरकेपणा नाही, आणि मला बांधणीत जायचंय.’ सोपं आहे. बाबा असतील, आई असेल. दोन माणसं. जमेल.

घरी पाच माणसं होती. शेजारचे काका, काकू आणि त्यांचा भाचा चहाला आलेले. या काकांना सगळी सोसायटी अनुभवकाका म्हणते. तुम्हाला जे काही झालं असेल ते त्यांच्या घरात कोणाला तरी आधीच होऊन गेलेलं असतं, आणि तेसुद्धा जास्त.

“कल साधा समजू नका,” ते बिस्किट बुडवत म्हणत होते. “माझ्या मेव्हण्याला होता. उजवीकडे. आम्ही म्हटलं, जाईल वयाबरोबर.”

“मग?”

“कसला जातोय. राजकारणात गेला.”

काकूंचं मत पडलं की मुलीला लोंबकळायला लावावं, दाराला दांडी बसवून, उपाशीपोटी. भाच्याचं मत पडलं की सगळा दोष उशीचा. आई म्हणाली, आपण आधी शाळेत फोन करूया का. बाबा म्हणाले, फोन करून काय विचारू, माझी मुलगी वाकडी आहे का? मला काही मान आहे की नाही?

“बाबा,” टाचणी म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. पाच जोड्या डोळे, वर बिस्किट थांबलेलं. शटर निम्मं खाली आलं. वाक्यातलं जे वाकून बाहेर पडू शकलं ते एवढंच होतं: “कल म्हणजे आवड. बाईंनी सांगितलं.”

“आवड?” बाबा हसले. “आवडीने कोणी कलतं का? बावीस वर्षं कल काढतोय मी. मला कल शिकवतेस होय?”

“तसे शब्दाला अर्थ दोन असतात,” अनुभवकाका म्हणाले, आणि क्षणभर टाचणीला ते आवडलेसुद्धा. “पण मला सांगा, शाळा कधी पोराला विचारेल का, बाळा तुला काय आवडतं? आमच्या आख्ख्या खानदानात कोणाला विचारलेलं नाही.”

ठराव पास झाला. बुधवारी डॉक्टर.

भांडी घासताना टाचणीने आईला गाठलं आणि सगळं सांगितलं. एका माणसाला ती काहीही सांगू शकते.

“मला कालच शंका आली होती,” आई म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“अगं, यांना चुकलं म्हणायचं तर बाहेरचं माणूस लागतं. घरातलं चालत नाही. डॉक्टर म्हणतील काही झालेलं नाही, हे दोन दिवस फुगून बसतील, मग आपण तक्ता भरू. बांधणी. झालं.”

“फॉर्म एकच आहे आई.”

“मग मी पर्समध्ये पेन्सिल ठेवते. डॉक्टरांना पेन्सिलीने लिहायला लावू.”

आईची योजना चांगली होती. तिच्यात डॉक्टर तेवढा बसला नाही.

डॉक्टरांनी टाचणीला उभं केलं, वाकवलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आहे तसा थोडा कल. डावीकडे. असा तर सगळ्यांना असतो, मलापण आहे.”

बाबांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्यांनी डॉक्टरांचा नम्रपणा म्हणून सोडून दिलं. त्यांनी आईकडे अशा नजरेने बघितलं की आईचा पर्समधला हात पर्समध्येच राहिला.

“काही करायची गरज नाही,” डॉक्टर म्हणाले. “अगदीच मनाला वाटत असेल तर पट्टा लावा.”

“मनाला वाटतंय,” बाबा म्हणाले, आणि तक्ता पुढे सरकवला. आईने पेन्सिल काढेपर्यंत डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं होतं. बाहेर पंधरा पेशंट बसलेले. त्यांनी रकाने वाचलेसुद्धा नाहीत, बाबा वाचून दाखवत होते आणि ते लिहीत होते. कलाची दिशा: डावी. प्रमाण: सौम्य. घरातून मिळणारा आधार: पट्टा. दिनक्रम: रोज सकाळी व संध्याकाळी एक तास, त्रास झाल्यास सैल करावा. भविष्यातील ध्येय इथे डॉक्टर थांबले. “हे काय आहे?”

“लिहा, सरळ उभे राहणे,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांचं अक्षर, जगात कुठेही कोणाला लागत नाही म्हणतात. या एका कागदावर ते छापल्यासारखं आलं.

पट्टा कातडीच्या रंगाचा होता, रुंद, पोटाभोवती गुंडाळून चिकटवायचा. काढताना आणि वाकताना चर्र आवाज करायचा. सकाळचा एक तास धरायचा तर शाळेतलाच पहिला तास धरावा लागायचा, म्हणून तो गणवेशाच्या आत. गुरुवारी गणिताच्या तासाला टाचणीचं खोडरबर पडलं, ती वाकली, चर्र. शेजारची मुलगी कुजबुजली, “फाटला. हलू नकोस.” आणि तिने प्रेमाने आपलं दप्तर टाचणीच्या मागे लावलं. चांगली मुलगी आहे. पण तासभर ‘कुठे फाटलाय’ हे शोधत बसली.

मधल्या सुट्टीत टाचणी ऑफिसच्या खिडकीपाशी गेली. खिडकीत शिक्काकाका. ते शाळेचे क्लार्क, पण त्यांच्या टेबलावर नऊ शिक्के आहेत आणि रागावले की ते त्यांची जागा बदलत बसतात. समोर एकच माणूस, त्यामुळे घसा उघडा होता.

“काका, मला तक्त्याचा नवा कागद हवाय.”

“अर्ज करावा लागेल. कारण काय? हरवला, फाटला, भिजला?”

“चुकला.”

“चुकला हे कारण अर्जात नाही.”

“पण चुकलाय ना.”

“बाळ, चुकतात सगळेच. म्हणून काय कागद द्यायचा? हरवला, फाटला, भिजला. तीनच.”

हरवला म्हणायचं तर तो हातात होता. फाटला म्हणायला हात उचलेना, कारण ज्या मुलीला फाटकी पानं शिवायची आहेत तिने चांगला कागद फाडायचा म्हणजे जरा जास्तच झालं. टाचणी नळावर गेली आणि तक्ता पाण्याखाली धरला. दोन्ही बाजूंनी. मनात शंभर मोजले. शाळेचा गोल शिक्का वाहून गेला, छापलेल्या रेघा फिक्या झाल्या, तेलाचा डागसुद्धा निघाला. डॉक्टरांची शाई ढिम्म.

शिक्काकाकांनी ठिबकणारा कागद दोन बोटांत धरून उजेडासमोर नेला.

“भिजलाय.”

“हो.”

“पण वाचता येतोय. ‘सरळ उभे राहणे.’ छान अक्षर आहे. वाचता येणारा भिजलेला आम्ही ग्राह्य धरतो.” आणि टाचणी काही म्हणायच्या आत त्यांनी त्यावर ‘प्राप्त’ असा शिक्का मारला आणि कागद पंख्याखाली वाळत घातला. “बघ, उद्याची वाट बघायची गरजच नाही. आजच दाखल झाला.”

म्हणजे आत्तापर्यंत चुकलेला तक्ता निदान घरी होता. आता तो शाळेच्या दप्तरी रीतसर चुकला. टाचणी घरी गेली, जेवली नाही, आणि बाबा पट्टा लावत असताना तिने श्वास रोखून धरला. बाबांना वाटलं सहकार्य करतेय.

शुक्रवारी पालकसभा, म्हणून त्या दिवशी पट्टा सकाळपासून अंगावरच. बाबा साइटवरून थेट आले, इस्त्रीचा शर्ट, बुटाला ओलं सिमेंट. आई दुकान सुटल्यावर येणार होती. सभागृहात टेबलं मांडली होती आणि सातवीच्या टेबलाशी समुपदेशनाच्या बाई बसलेल्या. मुलं त्यांना कसंवाटतंयबाई म्हणतात. पाय मोडून घेऊन आलेल्या पोरालाही त्या आधी तेच विचारतात.

सुरकुतलेला तक्ता त्यांनी उचलला. वाचायला लागल्या तेव्हा चेहरा हसरा होता. तिसऱ्या रकान्यापाशी हसू गेलं. चौथ्यापाशी त्यांनी चष्मा पुसला. मग बाबांकडे न बघता टाचणीचा हात धरून तिला खांबाआड नेलं.

“बाळ, कसं वाटतंय?”

“बरं.”

“मला सगळं सांगितलंस तरी चालेल. घरी पट्टा असतो?”

टाचणीला वाटलं, सुटले. बाईंना कळलं. “हो,” ती म्हणाली.

“कोणाचा?”

“बाबांचा. म्हणजे बाबाच लावतात.”

“रोज?”

“सकाळी शाळेत यायच्या आधी. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर.”

बाईंचा आवाज खाली गेला. “फार दुखतं?”

“खाज येते,” टाचणी म्हणाली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. टाचणीला ते जरा जास्त वाटलं, पण काही माणसं हळवी असतात.

पाच मिनिटांत बाबा मोठ्या बाईंच्या खोलीत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शिक्काकाकांना दाखल झालेला कागद ओळखायला बोलावलेलं. कसंवाटतंयबाई टाचणीला जवळ घेऊन उभ्या. दार लावलं होतं पण खिडकी उघडी, आणि खिडकीत दोन पालक असे उभे की जणू बाहेरचं झाड बघतायत.

“हा तक्ता तुम्ही भरलात?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“डॉक्टरांकडून भरून घेतला,” बाबा अभिमानाने म्हणाले. “आम्ही उगाच काहीतरी लिहीत नाही.”

“आणि पट्टा?”

“तो मीच. हिच्या आईला जमत नाही. तिचा हात हलका आहे.”

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “बारा वर्षांची मुलगी आहे ती.”

“म्हणूनच. याच वयात केलं पाहिजे. नंतर हाड ऐकत नाही.”

“रडते?”

“पहिल्या दिवशी जरा. आता सवय झाली. आणि लिहिलंय ना त्यात, त्रास झाला तर सैल सोडायचं. मी सोडतो. मी काय राक्षस आहे?”

“पट्टा आत्ता कुठे आहे?”

“तिच्या अंगावरच की.”

मोठ्या बाईंनी फोन उचलला आणि सांगितलं की अशा वेळी शाळेला बालकल्याणच्या ऑफिसला कळवावंच लागतं. बाबा हसत होते, ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागून माणूस निघून गेला. त्यांना काय म्हटलं जातंय ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग खाली बघून शर्टाच्या बाह्या उगाच सारख्या केल्या. बावीस वर्षं इंजिनियर, मजूर, ट्रकवाले, सगळ्यांवर ओरडलेला माणूस, त्याच्याकडे एक शब्द नव्हता.

आपल्याला होतं तेच बाबांना झालंय, हे टाचणीला दिसलं. तिने माणसं मोजली. खिडकीतली धरून सहा. शटर खाली यायला लागलं होतं, पण राग त्याच्या आधी पोचला.

“फोन ठेवा आधी,” ती म्हणाली. “बाबांनी मला कधी हात लावलेला नाही. हा पट्टा आहे.” तिने गणवेशाच्या आत हात घातला, चर्र केलं आणि पट्टा मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. “कमरेचा. दुकानात मिळतो. तुम्ही लिहिलं कल एका बाजूला आहे, वेळीच तपासा. हे भिंती तपासतात. त्यांनी तपासला. मला दोरी लावली. मग दिशा विचारली तुम्ही, त्यांनी डावी लिहून आणली. आधार विचारलात, पट्टा आणला. जे विचारलंत ते सगळं आणलं त्यांनी, सुट्टी टाकून. मी सांगितलं कल म्हणजे आवड, कोणी ऐकलं नाही, काका म्हणाले शाळा असं विचारणारच नाही. मग मी या काकांना सांगितलं तक्ता चुकलाय, हे म्हणाले चुकला हे कारण नाही. मग मी तो नळाखाली धरला. हो, मीच भिजवला. तरी घेतला यांनी. आणि मला बांधणीत जायचंय. पुस्तकं शिवायला. कारण तिथे कोणी बोलायला लावत नाही. मला वक्तृत्वात टाकलंत तर मी वर्षभर डबा खाणार नाही, मी आत्ताच खात नाहीये. संपलं.”

खिडकीतले पालक आता झाड बघत असल्याचं नाटकसुद्धा करत नव्हते. शिक्काकाकांनी खिशातला एक शिक्का काढून परत खिशात ठेवला.

मोठ्या बाईंनी फोन ठेवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, आणि टाचणीला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

“किती मुद्देसूद,” त्या म्हणाल्या. “न अडखळता. मुद्द्यामागून मुद्दा.”

“मीपण तेच म्हणणार होते,” कसंवाटतंयबाई डोळे पुसत म्हणाल्या. “हिचा खरा कल दिसला आज. हिला वक्तृत्वातच घेऊया.” आणि त्यांनी यादी पुढे ओढली.

टाचणीने तोंड उघडलं. आत काही उरलं नव्हतं. जेवढे शब्द होते तेवढे बाबांवर खर्च झाले होते.

“थांबा,” बाबा म्हणाले.

ते उभे राहिले. “ती नको म्हणाली. आत्ता म्हणाली, तुमच्यासमोर. मी चार दिवस ऐकलं नाही, ते माझं चुकलं. पण मला कळायला चार दिवस तरी लागले. तुम्ही तर ऐकून एका मिनिटात विसरलात.”

हे ‘माझं चुकलं’ घरातल्या, बाहेरच्या, कुठल्याच माणसाच्या मदतीशिवाय निघालं होतं. आई नेमकी तेव्हा दारात पोचली होती. तिने ते ऐकलं आणि दाराला धरून उभी राहिली.

मोठ्या बाईंनी यादी परत घेतली. बांधणीच्या रकान्यात बोट लावून नावं मोजली. “बांधणीत एक जागा आहे,” त्या म्हणाल्या. “नवा तक्ता भरा. आजच. पूर्ण भरा, कोरा रकाना ठेवू नका.”

ऑफिसच्या खिडकीसमोर रांग होती. बाबांनी कागद काउंटरवर ठेवला, पेन उघडलं आणि टाचणीकडे बघितलं. “सांग. दिशा?”

“ग्रंथालय.”

“प्रमाण?”

“बरंच.”

“घरातून मिळणारा आधार?”

टाचणीने विचार केला. “आई,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आणि तुम्ही. थोडे.”

बाबांनी ‘थोडे’सुद्धा लिहिलं. पट्टी लावल्यासारखं सरळ, ओळीत.

“दिनक्रम?”

“शाळेतून आल्यावर तासभर कोणी काही विचारायचं नाही.”

“मीपण नाही?”

“तुम्ही तर नाहीच.”

लिहिलं. “भविष्यातील ध्येय?”

“माहीत नाही,” टाचणी म्हणाली.

बाबांचं पेन हवेत थांबलं. मग त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, माहीत नाही, खाली सही ठोकली आणि कागद आत सरकवला.

शिक्काकाकांनी रकान्यावर बोट ठेवलं. “हे चालणार नाही. काहीतरी लिहा. डॉक्टर लिहा, इंजिनियर लिहा. सगळे लिहितात.”

“तिला माहीत नाही,” बाबा म्हणाले. “बारा वर्षांची आहे. तुम्हाला बाराव्या वर्षी शिक्के मारायचे होते का?”

शिक्काकाका शिक्क्यांच्या जागा बदलायला लागले. एक इकडे, एक तिकडे. मग थांबले.

“मला नाटकाचा पडदा ओढायचा होता,” ते म्हणाले. “नाटकात काम नव्हतं करायचं. नुसता पडदा.”

शिक्काकाकांनी खाली मान घालून शिक्का उचलला आणि ‘प्राप्त’ मारला.

बाबांच्या मागे रांगेत एक गृहस्थ होते, बरोबर त्यांचा मुलगा. त्यांनी खाली वाकून मुलाच्या कानाशी काहीतरी विचारलं. मुलाने नाही म्हणून मान हलवली. गृहस्थांनी आपला तक्ता भिंतीला टेकवला, पेन काढलं आणि शेवटच्या रकान्यातला ‘शास्त्रज्ञ’ सावकाश खोडायला लागले. त्यांच्या मागच्या बाईंनीही पर्स उघडली. त्यांच्या मागच्या आजोबांनी विचारलं, कोणाकडे जास्तीचं पेन आहे का.

शिक्काकाकांनी खिडकीतून मान बाहेर काढून सगळ्या रांगेकडे बघितलं.

“खाडाखोड केलेला चालणार नाही,” ते म्हणाले, आणि नव्या कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवून दिला.